नेब्बिओलो: फिकट रंगाचं, कडक अंगाचं द्राक्ष

तोरिनोकर

बारोलोबद्दल एक तक्रार मराठी मंडळींकडून हमखास ऐकू येते. कुणीतरी युरोपातून परतताना ‘वाईनचा राजा’ म्हणून बाटली घेतो, चांगले चाळीस-पन्नास युरो मोजतो. घरी उघडून पेल्यात बघतो तर रंग लालभडक नाहीच. विटकरीकडे झुकलेला, आणि पेल्यापलीकडचं वर्तमानपत्र वाचता येईल इतका पातळ. घोट घेतला की हिरड्या आवळून येतात. मग ठरतं, फसवलं लेकाच्यांनी.

फसवलेलं नसतं. ते द्राक्षच तसं आहे. बारोलो हे गावाचं आणि वाईनचं नाव. द्राक्ष आहे नेब्बिओलो. नोकरीमुळे मी इटलीतल्या तोरिनोत राहतो, लांगेच्या टेकड्या इथून जवळ, त्यामुळे या द्राक्षाशी ओळख वाढत गेली. त्यावर मराठीत फारसं लिहिलेलं दिसलं नाही म्हणून हा धागा.

पिएमोंते हा इटलीचा वायव्य कोपरा. पश्चिमेला आणि उत्तरेला आल्प्स, दक्षिणेला आपेनिनचे डोंगर. तानारो नदीच्या उजव्या अंगाला लांगेच्या टेकड्या, मध्ये आल्बा शहर. आल्बाच्या नैर्ऋत्येला बारोलोची अकरा गावं, ईशान्येला बार्बारेस्को, तेही गावाचं आणि वाईनचं नाव. नेब्बिओलोची खरी वस्ती ही. तशी ती आणखी उत्तरेला गात्तिनारा-गेम्मे भागातही आहे, तिथे तिला स्पान्ना म्हणतात. लोम्बार्दीतल्या वाल्तेल्लिना खोऱ्यात तिचं नाव क्याव्हेन्नास्का. तोरिनोजवळच्या रिवोलीच्या कागदपत्रांत १२६६ साली या द्राक्षाचा उल्लेख सापडतो. ला मोर्रा गावाच्या १४३१ च्या नियमांत नेब्बिओलोचा वेल तोडणाऱ्याला दंड सांगितलेला आहे. म्हणजे तेव्हाही ते ऐऱ्यागैऱ्या द्राक्षांत मोडत नव्हतं.

स्वभाव मात्र अडेल. लांगेतल्या इतर जातींच्या आधी याला डोळे फुटतात आणि सगळ्यांच्या नंतर ते पिकतं. शेजारचं दोल्चेत्तो सप्टेंबरात काढून मोकळे होतात, मग बार्बेरा, आणि नेब्बिओलो ऑक्टोबरात. लवकर फुटतं म्हणून एप्रिलातल्या थंडीच्या कडाक्याची भीती, उशिरा पिकतं म्हणून शरदातल्या पावसाची. दोन्ही टोकांना जीव टांगणीला. म्हणून गावातल्या सगळ्यांत चांगल्या जागा यालाच द्याव्या लागतात: दक्षिणेकडे किंवा नैर्ऋत्येकडे तोंड असलेला उतार, जिथे हिवाळ्यातलं बर्फ आधी वितळतं. उतरणीच्या तळाला, सावलीच्या बाजूला, नदीकाठच्या सपाटीवर हे लावायचं नाही, असं बारोलोच्या कायद्यातच आहे.

आणि एवढे लाड करून हाती काय येतं? फिकट रंग, भरपूर आम्ल आणि प्रचंड तुरटपणा. वास मात्र असा की एकदा नाकात बसला की बसला: गुलाब, डांबर, सुकी चेरी, ज्येष्ठमध. डांबर वाचून हसू नका, नाक लावून बघा.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा तुरटपणा म्हणजे दोष नाही. लांगेतले उतार, तिथली लाकडी पिंपं, तिथले कायदे, तिथली भांडणंसुद्धा त्या तुरटपणाचं काय करायचं या प्रश्नातून आली आहेत. बाकी जाणकारांनी भर घालावी.

दिंडोरीचा बागायतदार

राम राम मंडळी. धागा आवडला. आपण पिणारे कमी, पिकवणारे जास्त. वाईनसाठी शिराझ आणि काबेर्ने कराराने केली आहे, बाकी थॉमसन, खायची. तेव्हा माझे प्रश्न रानातले आहेत.

एक, छाटणी कशी करतात? दोन, माल किती काढतात? तीन, नाशकात का कुणी लावत नाही?

तोरिनोकर

दादा, तुमचे प्रश्न खरे महत्त्वाचे.

छाटणी: नेब्बिओलोच्या काडीवरचे बुडाकडचे दोन-तीन डोळे बहुधा वांझ असतात. त्यामुळे आखूड छाटून चालत नाही. एक लांब काडी राखतात, तिच्यावर आठ-दहा डोळे ठेवतात आणि ती तारेला आडवी वाकवून बांधतात. वेल जोमदार, शेंडा मारायला दर उन्हाळ्यात माणूस लागतो.

माल: बारोलो आणि बार्बारेस्कोला कायद्याने हेक्टरी ८ टनांची मर्यादा. म्हणजे एकरी साधारण सव्वातीन टन. चांगले लोक त्याहून कमीच घेतात.

दिंडोरीचा बागायतदार

सव्वातीन टन! थॉमसनला एकरी दहा टन नाही निघाले तर आमच्याकडं घरात तोंड दाखवायची चोरी.

वांझ डोळ्याचं कळलं. आपल्याकडं म्हणूनच एप्रिलात खरड छाटणी करून काडी तयार करून घेतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. काडीत घड कितव्या डोळ्यावर आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासून मग कात्री लावायची. पण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

तोरिनोकर

तिसऱ्याचं उत्तर माझ्या मते असं. नाशकात ऑक्टोबरात छाटलं की द्राक्ष जानेवारी ते मार्चमध्ये तयार होतं, म्हणजे दिवस तापत जाताना. लांगेत उलटं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात तापमान उतरत असताना मणी पिकतो, रात्री गार होत जातात, आम्ल टिकतं आणि वास हळूहळू भरतो. शिवाय तिकडे वेलाला हिवाळ्याची खरी झोप मिळते. आपल्याकडे ती मिळत नाही, म्हणून डोळे एकसारखे फुटण्यासाठी रसायनाचं पेस्ट लावावं लागतं.

इटालियन जात महाराष्ट्रात होतच नाही असं नाही. अकलूजला फ्रातेल्लीनं सांजोव्हेसे लावली आहे. मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा भावांच्या जोड्यांनी मिळून काढलेला तो उद्योग. त्यांच्या ‘सेत्ते’मध्ये सांजोव्हेसे आणि काबेर्ने सोव्हिन्यों असतं. पण सांजोव्हेसे पुष्कळ जुळवून घेते, अर्ध्या इटलीत पसरली आहे. नेब्बिओलो घर सोडून जायला तयारच नसते. ऑस्ट्रेलियात, कॅलिफोर्नियात, मेक्सिकोत लावलेली आहे, काही ठिकाणी वाईन चांगलीही होते, पण लांगेची सर क्वचित.

चिंतामणी काका

निवृत्त झालो तरी खोड जात नाही, तेव्हा थोडं रसायनशास्त्र.

फिकट रंग म्हणजे हलकी वाईन, ही समजूत चुकीची आहे. द्राक्षातला रंग आणि द्राक्षातला तुरटपणा हे वेगवेगळ्या रेणूंचं काम. रंग अँथोसायनिनांचा. काबेर्ने, शिराझ यांच्या सालीत त्यातलं माल्व्हिडिन जातीचं रंगद्रव्य जास्त. ते टिकाऊ, जांभळट. नेब्बिओलोत पिओनिडिन आणि सायनिडिन यांचं प्रमाण मोठं. ही दोन्ही हवेशी लवकर अभिक्रिया करतात. म्हणून वाईन तरुण असतानाच कडेला नारिंगी झाक दिसू लागते. पाहणाऱ्याला वाटतं बाटली शिळी झाली.

तुरटपणा टॅनिनांचा. ती सालीत आणि बीत असतात. लाळेतल्या प्रथिनांना टॅनिन चिकटतं, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं पडतं. कच्ची सुपारी चघळल्यावर जे होतं तेच. ही चव नाही, स्पर्श आहे. वर्षं गेली की टॅनिनाचे रेणू एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडले जातात, काही गाळ होऊन तळाला बसतात, आणि मग तीच वाईन जिभेवर मऊ वाटते.

अवांतर: नेब्बिओलो आणि तिथलंच फ्रेइझा नावाचं द्राक्ष यांचं नातं डीएनए तपासणीत जनक-अपत्याचं निघालं आहे. कोण कुणाचं अपत्य यावर मात्र वाद घालायला वाव आहे. आणखी एक गंमत म्हणजे ‘नेब्बिओलो रोझे’ नावाने वर्षानुवर्षं जो प्रकार नेब्बिओलोच समजला गेला, तो तपासणीत वेगळीच जात ठरला.

निर्व्यसनी

एवढं वाचून झाल्यावर एकच विचारतो. जी पिताना तोंड वाकडं होतं आणि चांगली लागायला पंधरा वर्षं थांबावं लागतं, ती प्यायचीच कशाला? त्यापेक्षा द्राक्षं खा.

दिंडोरीचा बागायतदार

खा की! माल तयार आहे, पत्ता पाठवा :)

मीनल_मुंबई

हॉटेलच्या नोकरीत रोज वाईन वाढते, त्यामुळे व्यवहारातलं थोडं.

तोरिनोकरांनी म्हटलेल्या ‘फसवणुकी’ची कारणं तीन दिसतात मला. पहिलं, वाईन फार तरुण असते. बारोलो पीक आल्यापासून ३८ महिने वाइनरीत ठेवावीच लागते, त्यातले १८ लाकडात. रिझेर्व्हा, म्हणजे जास्त मुरवलेली, असेल तर ६२ महिने. बार्बारेस्कोला २६, त्यातले ९ लाकडात. पण हा कायद्याने ठरवलेला किमान काळ आहे. दुकानात आली म्हणजे प्यायला तयार झाली असं नव्हे.

दुसरं, तापमान. ‘रेड वाईन खोलीच्या तापमानाला’ हे वाक्य थंड दगडी घरांसाठी होतं. मुंबईत खोली म्हणजे तीस अंश. तीस अंशाला नेब्बिओलोचा अल्कोहोल नाकात जातो आणि वास मरतो. सोळा ते अठरा अंश हवेत. म्हणून लाल असली तरी आधी फ्रिजमध्ये ठेवून गार करा, लाजू नका.

तिसरं, हवा. तरुण बारोलो दोन-तीन तास आधी रुंद तोंडाच्या भांड्यात ओतून ठेवली तर बरीच उलगडते. जुनी, म्हणजे वीसेक वर्षांची असेल तर उलट काळजी घ्यायची. बाटली दिवसभर उभी ठेवून गाळ बसू द्यायचा आणि हलक्या हाताने ओतायची.

पेला मोठ्या पोटाचा घ्या. हे मिरवण्यासाठी सांगत नाही, वासाला खरंच जागा लागते.

सागर_पुणे

+१ फ्रिजबद्दल. मूळ लेखात ‘तिथली भांडणं’ असा उल्लेख आलाय. ती सांगाल का? भांडणाशिवाय धाग्याला रंग नाही.

तोरिनोकर

सांगतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

जुनी रीत अशी होती. द्राक्षं चुरायची आणि साली रसात बुडवून ठेवायच्या, महिना-दीड महिनासुद्धा. मग वाईन स्लाव्होनियाच्या, म्हणजे क्रोएशियातल्या ओकच्या प्रचंड पिंपांत कित्येक वर्षं. काही हजार लिटरची ती पिंपं पिढ्यान्‌पिढ्या तीच असत, त्यामुळे लाकडाचा स्वाद उतरत नसे. ती वाईन दहा वर्षं कुणाशी बोलायची नाही. आणि सगळीच चांगली असायची असंही नाही. कळकट पिंपं, कच्ची द्राक्षं, असं बरंच काही ‘परंपरा’ या नावाखाली खपून जात असे.

१९७०-८० च्या दशकांत तरुण शेतकऱ्यांची एक फळी उठली. घरची परिस्थिती बेताची, बारोलो विकली जात नव्हती, माणसं फियाटच्या कारखान्यात कामाला चालली होती. एलियो आल्तारे हा ला मोर्राचा पोरगा १९७६ साली फ्रान्सच्या बुर्गुन्यात जाऊन आला. तिकडचे लोक छोट्या पिंपांत वाईन करून श्रीमंत झालेले पाहिले. परतल्यावर घड विरळणी सुरू केली. बापाच्या दृष्टीने झाडावरचं हिरवं पीक जमिनीवर टाकणं म्हणजे पापच. १९८३ साली त्यानं करवत घेतली, यांत्रिक करवत, आणि बापाची जुनी पिंपं कापून काढली. जागेवर २२५ लिटरची नवी फ्रेंच ‘बारिक’, म्हणजे ओकची छोटी पिंपं, आणली. बापाने त्याला वारसा हक्कातून काढून टाकलं.

या नव्या मंडळींनी साली बुडवण्याचा काळ महिन्यावरून आठ-दहा दिवसांवर आणला, फिरती टाकी वापरली. वाईन गडद झाली, गोलाई आली, तरुणपणीच पिता येऊ लागली. अमेरिकेतल्या वाईन समीक्षकांकडून गुण मिळाले, भाव चढले. बार्बारेस्कोत आंजेलो गाया आधीपासून त्याच वाटेवर होता.

दुसऱ्या बाजूला बार्तोलो मास्कारेल्लो. हा माणूस चार जागांची द्राक्षं एकत्रच आंबवायचा, एकेका शेताच्या नावाची बाटली काढणं त्याला मान्य नव्हतं. म्हातारपणी चाकाच्या खुर्चीत बसून लेबलं हाताने रंगवायचा. त्यातलं एक जगभर गाजलं: ‘नो बारिक, नो बेर्लुस्कोनी’. बेर्लुस्कोनी म्हणजे इटलीतला तेव्हाचा बडा राजकीय नेता. २००५ साली तो गेला. मुलगी मारिया तेरेझा तशीच वाईन करते.

आज दोन्ही बाजूंचे लोक मधे आलेत. बारिकवाल्यांपैकी कित्येक मोठ्या पिंपांकडे परतले, आणि जुन्या रीतीचे लोक तळघर स्वच्छ ठेवायला शिकले. माझं मत विचाराल तर नव्या लाकडामुळे व्हॅनिलाचा वास येणारी नेब्बिओलो मला नको. नव्या लाकडातून नवं टॅनिन येतं, म्हणजे ज्याचा त्रास होता तेच वर आणखी. पण आल्तारेनं घड विरळले नसते आणि तळघर घासलं नसतं तर आज कुणी बारोलो विचारली असती की नाही, शंका आहे. फक्त मास्कारेल्लोचे गोडवे गाणारे लोक हे सोयीस्कर विसरतात.

चिंतामणी काका

गडद रंगाबद्दल एक तळटीप. छोट्या पिंपातून हवा थोडी जास्त झिरपते आणि रंगद्रव्य टॅनिनाशी लवकर बांधलं जातं, त्यामुळे रंग टिकतो. बारिकवाल्यांचा तो फायदा खरा होता, निव्वळ फॅशन नव्हती.

कोपरगावकर

वाईनमध्ये गती नाही, पण इटलीत सहकार जोरात आहे असं ऐकून आहे. या भागात काही आहे का?

तोरिनोकर

आहे, आणि तुमच्या आवडीचं आहे. बार्बारेस्को गावात आल्बाच्या वाईन शाळेचे प्रमुख दोमित्सिओ काव्हात्सा यांनी १८९४ साली शेतकऱ्यांची सहकारी वाइनरी काढली. तोवर इथलं द्राक्ष ‘बारोलो’ म्हणूनच खपायचं, नाहीतर व्यापाऱ्याच्या दारात पडेल भावात. मुसोलिनीच्या काळात ती बंद पडली. मग १९५८ साली गावच्या पाद्र्यानं, डॉन फियोरिनो मारेंगो यानं, १९ शेतकऱ्यांना गोळा करून ती पुन्हा उभी केली. पहिल्या काही हंगामांची वाईन चर्चच्या तळघरात झाली. ‘प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को’ म्हणून ती आज जगात नाव कमावून आहे.

सभासदाने आपली सगळी नेब्बिओलो तिथेच घालायची, बाहेर विकायची नाही. आझिली, राबाया, मोंतेस्तेफानो अशा नऊ नामांकित उतारांची वेगळी रिझेर्व्हा काढतात, पण फक्त चांगल्या वर्षी. वर्ष बेताचं असेल तर तो सगळा माल साध्या बार्बारेस्कोत घालतात.

कोपरगावकर

आणि भाव कसा देतात? टनावर?

तोरिनोकर

वजनासोबत द्राक्षाची प्रत बघून. साखर किती, माल कुठल्या उताराचा, त्याप्रमाणे पैसे.

कोपरगावकर

इथेच पाणी मुरतंय. आपल्या साखर कारखान्यात उसाचा दर अख्ख्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीवर ठरतो. माझा ऊस बारा टक्के उताऱ्याचा आणि शेजाऱ्याचा नऊचा असला तरी टनाला दोघांना तेवढेच. मग मी कशाला प्रतीच्या मागे लागू? टनेज वाढवतो. विखे पाटील आणि गाडगीळांनी प्रवरेला सुरुवात केली तेव्हा व्यापाऱ्याच्या कचाट्यातून सुटका हा हेतू होता, तो साधला. प्रतीचा प्रश्न तेव्हा नव्हता, आणि नंतर कुणी काढलाही नाही. या बार्बारेस्कोवाल्यांनी बरोबर तिथेच हात घातलेला दिसतो.

दिंडोरीचा बागायतदार

कोपरगावकर, ऊस आणि द्राक्षात फरक आहे हो. साखर ती साखर. कुठल्या शिवारातली ते चमच्यात कळत नाही. तिकडं शिवाराचं नाव बाटलीवर येतं म्हणून परवडतं.

बाय द वे, त्या उतारांची माती कशी?

तोरिनोकर

चुनखडीयुक्त चिकणमाती, तिला मार्ल म्हणतात, सगळी कधीकाळच्या समुद्रतळाची. ढोबळमानाने, पश्चिमेकडे ला मोर्रा आणि बारोलो गावात निळसर करडी, तुलनेने नवी. तिथली वाईन सुवासिक आणि लवकर उलगडणारी. पूर्वेला सेर्रालुंगा आणि मोनफोर्तेत जुनी, वालुकाश्माचे थर असलेली. तिथली कडक, पंधरा-वीस वर्षं मागणारी. नदीपलीकडे रोएरोत वाळू जास्त, वाईन हलकी. अपवाद पुष्कळ. २०१० मध्ये बारोलोच्या शेत-विभागांची अधिकृत नावं आखून दिली, एकूण १८१.

तासगावचा पाटील

मूळ लेखात वाल्तेल्लिनाचं नाव आलंय. तिथं नेब्बिओलो सुकवून वाईन करतात असं वाचलंय. खरं का? आमचा बेदाण्याचा धंदा, म्हणून विचारतो.

तोरिनोकर

खरं आहे, ‘स्फोर्त्सातो’ म्हणतात तिला. आणि ते खोरं पाहण्यासारखं आहे. आद्दा नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, त्यामुळे उत्तर काठाचे डोंगर थेट दक्षिणेला तोंड करून. त्यावर कोरड्या दगडी बांधांच्या पायऱ्या रचून वेल लावलेत. यंत्र चढत नाही, सगळं काम माणसानं पाठीवर वाहायचं.

निवडक घड लाकडी ताटव्यांवर पसरून हवेशीर माळ्यावर डिसेंबरपर्यंत ठेवतात. वजन तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहून अधिक घटतं. मग चुरून आंबवतात, पूर्ण, म्हणजे गोडी शिल्लक राहत नाही. अल्कोहोल किमान १४ टक्के.

तासगावचा पाटील

म्हणजे आमच्या शेडसारखंच, फक्त घाई नाही. आम्ही पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवतो. त्यानं सालीवरचा मेणाचा थर सुटतो आणि जाळ्यांवर पंधरा-वीस दिवसांत बेदाणा तयार होतो. कोरडी हवा आणि ऊन लागतं. अवकाळी पाऊस आला की माल काळा पडतो, भाव निम्मा.

त्यांच्याकडं थंड हवा, बुडवणं नाही, दोन महिने लागतात. बुरशी कशी धरत नाही?

तोरिनोकर

काढणीच्या वेळीच फुटका मणी ठेवत नाहीत, घड सुटसुटीतच निवडतात, आणि खोऱ्यातला वारा कामी येतो. नेब्बिओलोची साल पातळ असली तरी चिवट असते. तरी रोज फिरून खराब मणी काढावेच लागतात.

गोंयकार

आमच्या गोव्यात लाल वाईन म्हटली की गोड पोर्ट, नाताळला केकबरोबर. हे तुरट प्रकरण बांगड्याच्या हुमणाबरोबर चालेल का?

मीनल_मुंबई

अजिबात नाही :) तेलकट मासळी आणि टॅनिन एकत्र आलं की तोंडात धातूची चव येते. हुमणाबरोबर पांढरीच घ्या.

नेब्बिओलोला मांस आणि चरबी हवी. प्रथिनं आणि चरबी टॅनिनाला सामावून घेतात. तिकडे बारोलोतच शिजवलेलं गोमांस, भरपूर अंड्यातल्या पिवळ्या बलकाच्या बारीक शेवया, आणि शरदात आल्बाचा पांढरा ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी सुवासिक अळंबी. आपल्याकडे मिरची हा खरा अडथळा. तिखटाबरोबर टॅनिन अधिक टोचतं आणि अल्कोहोल जाळतो. तांबडा रस्सा बाद. पांढरा रस्सा मात्र उत्तम जमतो, आणि अळणी मटणही. शाकाहारींसाठी तुपावर परतलेली अळंबी.

गोंयकार

म्हणजे गोडवाल्यांना काहीच नाही?

तोरिनोकर

आहे. बारोलो किनातो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सेर्रालुंगाच्या जुझेप्पे काप्पेल्लानो या औषधविक्रेत्यानं बारोलोत सिंकोनाची साल आणि मसाले घालून, साखर मिसळून काढलेला प्रकार. सर्दी-पडशाचं औषध म्हणून सुरू झाला, आता जेवणानंतर चॉकलेटबरोबर पितात. तुमच्या केकबरोबर नक्की चालेल.

सागर_पुणे

हवामान बदलाचा फटका बसतोय का तिकडे?

तोरिनोकर

बसतोय, पण नेब्बिओलोला आधी फायदाच झाला. जुने लोक सांगतात की दशकात दोन-तीन वर्षंच द्राक्ष नीट पिकायचं. आता बहुतेक वर्षी पिकतं, काढणीही अलीकडे सरकली. २०१० आणि २०१६ ही तर थोर वर्षं. पण २००३ आणि २०१७ सारख्या होरपळलेल्या वर्षी आम्ल घटतं आणि अल्कोहोल १५ च्या जवळ जातो. गारांची टांगती तलवार आहेच. २००२ च्या सप्टेंबरात गारपिटीनं बारोलोचे उतार झोडपले, कित्येकांनी त्या वर्षी बारोलो काढलीच नाही. आता ओळींवर जाळ्या दिसतात. पूर्वी ज्या उत्तरेकडच्या उतारांवर हेझलनट लावायचे, तिथे नेब्बिओलोला परवानगी द्यावी का, इथपर्यंत चर्चा गेली आहे.

दिंडोरीचा बागायतदार

गारपिटीचं नाव काढू नका. जाळीचा खर्च एकरी ऐकून आमच्याकडं लोक देवावर भरवसा ठेवतात.

सागर_पुणे

शेवटचा प्रश्न, स्वार्थी आहे. भावाने दिलेली २०१९ ची बारोलो कपाटात पडून आहे. आता उघडू की दहा वर्षं थांबू?

मीनल_मुंबई

पुण्यात तापमान राखणारं वाईनचं कपाट आहे का तुमच्याकडे?

सागर_पुणे

छे. लोखंडी कपाट आहे, गच्चीखालच्या खोलीत.

मीनल_मुंबई

मग थांबू नका. एप्रिल-मे मध्ये त्या खोलीत पस्तिशी गाठत असेल. त्या उष्णतेत वाईन मुरत नाही, शिजते. दोन उन्हाळ्यांत उकडलेल्या फळांचा वास येईल आणि बूचही वर सरकेल. तोवर घरच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवा. प्यायच्या दिवशी दुपारी उघडून रुंद जगमध्ये ओता, संध्याकाळी मटण करा. तुरट लागेलच, २०१९ अजून लहान आहे.

पुढच्या वेळी भावाला ‘लांगे नेब्बिओलो’ आणायला सांगा. द्राक्ष तेच, बहुधा त्याच शेतकऱ्यांच्या तरुण वेलींचं, किंमत निम्म्याहून कमी, आणि लगेच पिता येते.

सागर_पुणे

लांगे नेब्बिओलो लिहून घेतलं. मटणाला तिखट किती घालू?

मीनल_मुंबई

नेहमीच्या चौथा हिस्सा. घरचे ओरडले तर त्यांच्यासाठी ठेचा वेगळा ठेवा.